ज्वालामुखीचा धूर आणि घरची टाकी

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल तर त्यात चिंचेचे सार करू नये, हे आपल्या घरांत कुणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. दही, कोकम, चिंच, लिंबू, यांतले काहीही अशा भांड्यात थोडा वेळ राहिले की कळकते. रंग हिरवट होतो, चव बिघडते, खाणाऱ्याला मळमळते. कल्हईवाल्याची हाक मोहल्ल्यात आता क्वचितच ऐकू येते, पण त्याने भांड्याला लावलेला कथलाचा पातळ थर कशासाठी असे ते आजीला ठाऊक होते. आंबट पदार्थ धातूला खातो आणि धातू अन्नात उतरतो. आज आम्ही जी हकीगत सांगणार आहोत ती याच जातीची आहे. फरक इतकाच की तिथले भांडे म्हणजे अख्ख्या घराचे छप्पर आहे आणि आंबट आभाळातून पडते.

ज्वालामुखी म्हटला की आपल्याला वाहणारा लाल लाव्हा आठवतो. पण लाव्हा सहसा डोंगराच्या आसपासच राहतो. दूरच्या गावांपर्यंत पोचतात ते त्याचे वायू. पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या खडकात हे वायू विरघळलेले असतात. वरचा दाब कमी झाला की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे ते बाहेर पडतात. त्यात सर्वांत जास्त असते ती पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड, मग गंधकाचे वायू, आणि त्यांच्याबरोबर हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड. नावे अवघड वाटतील, पण पाण्यात विरघळले की ही मंडळी काय होतात ते बघा. पहिल्याचे होते हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास-न्हाणीची फरशी घासायला आपण जे ॲसिड आणतो तेच. दुसऱ्याचे होते काचेलाही खाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल. आणि गंधकाच्या वायूचे सावकाश गंधकाम्ल होते, जे गाडीच्या बॅटरीत असते.

यातला 'सावकाश' हा शब्द महत्त्वाचा आहे. क्लोरीन आणि फ्लोरीनचे वायू पाण्याला लगेच चिकटतात, म्हणून ते ज्वालामुखीच्या जवळच्या पावसातच बरेचसे धुऊन निघतात. गंधकाचा वायू मात्र हवेत तासन्‌तास, कधी काही दिवसही, प्रवास करतो. वाटेत ऊन, दमट हवा आणि ढगांतले थेंब यांच्या संगतीने त्याचे आम्ल होते. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याला पडणारा पाऊस आणि पन्नास-पाऊणशे किलोमीटरवरच्या शहरात पडणारा पाऊस एकाच ज्वालामुखीचे असूनही रसायनाच्या दृष्टीने वेगळे असतात. पायथ्याशी क्लोराइड आणि फ्लोराइड, दूरवर सल्फेट, असा साधारण हिशेब. वारा कुठून कुठे वाहतो त्यावर बाकीचे ठरते.

आता आंबटपणाचे माप. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सामू' म्हणून जो धडा असतो, ज्याला सगळे पीएच म्हणतात, ते हे माप. ७ म्हणजे धड आम्ल नाही, धड अल्क नाही. आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त, आणि एका पायरीला दहापट फरक. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा ७ वर नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असल्याने तो ५.६ च्या आसपास असतो. म्हणजे पाऊस मुळातच किंचित आंबट असतो. त्यात ज्वालामुखीची भर पडली की काय होते, याचा सर्वांत नीट नोंदलेला दाखला प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांचा आहे.

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर किलाउएया नावाचा ज्वालामुखी आहे. ३ जानेवारी १९८३ ला त्याचा जो उद्रेक सुरू झाला तो थेट २०१८ पर्यंत चालला. पस्तीस वर्षे! म्हणजे त्या साली जन्मलेले मूल स्वतः आईबाप झाले तरी डोंगर धुमसतच होता. फार जोरात नसतानाही त्यातून रोज सुमारे २,००० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडे. या वायूची हवेत होणारी धूसर चादर तिथल्या लोकांच्या इतकी अंगवळणी पडली की तिला त्यांनी स्वतंत्र नावच दिले, 'वॉग'. ज्वालामुखी आणि धुरके या दोन इंग्रजी शब्दांची ती जोडणी आहे.

या बेटावर दोन मोठी गावे. पूर्वेला हिलो, ज्वालामुखीपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर. पश्चिमेला कैलुआ-कोना, पाऊणशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि मध्ये मौना लोआचा प्रचंड डोंगर आडवा. कुणालाही वाटेल की त्रास हिलोला जास्त. होते उलटेच. तिथे वर्षातला बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. ते धुराला हिलोपासून दूर, समुद्राकडे ढकलतात. धूर बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर कोनाला येतो. तिथे दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वारा, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. धूर पुढे जातो, मागे येतो, पण निघून जात नाही. हिवाळ्यात कधी व्यापारी वारे थांबले की मात्र पाळी हिलोची. डोंगराशी शेजार कितीचा आहे यापेक्षा वारा कुणीकडून आहे हे जास्त महत्त्वाचे, हे कोकणात घर बांधताना पावसाची झड कोणत्या बाजूने येते ते पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आणि पाण्याचे म्हणाल, तर हिलोचा पाऊस आपल्या रत्नागिरीच्या तोलाचा आहे. तरी त्या बेटावर हजारो घरे नळाच्या पाण्याशिवाय आहेत. कारण जमीन. लाव्हाचा खडक ताजा आणि सच्छिद्र, चाळणीसारखा. पडलेले पाणी सरळ खाली मुरते. अनेक भागांत ना ओढा ना नदी. घरे लांब लांब विखुरलेली, तिथवर सरकारी नळ नेणे परवडत नाही. म्हणून छपरावरचे पाणी पन्हळीतून टाकीत घ्यायचे आणि वर्षभर तेच प्यायचे, त्यातच रांधायचे, धुवायचे, अशी रीत. आपल्याकडे 'पावसाचे पाणी अडवा' असे फलक लागतात; तिथे ते कुणी सांगावे लागत नाही.

१९८८ मध्ये कोना भागातल्या अशा घरांचे पाणी तपासले गेले. सुमारे ४० टक्के घरांच्या पिण्याच्या पाण्यात शिसे सापडले. त्यांतल्या काही रहिवाशांचे रक्त तपासले, तर रक्तातही शिशाचे प्रमाण वाढलेले.

हे शिसे ज्वालामुखीने पाठवलेले नव्हते. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते, कारण या सगळ्या प्रकरणाचा जीव इथेच आहे. शिसे घरातलेच होते. छपराच्या पत्र्यांना ठोकलेल्या जुन्या खिळ्यांच्या शिशाच्या टोप्या, पत्र्याच्या सांध्यांवर बसवलेल्या शिशाच्या पट्ट्या, जुन्या रंगातले शिसे, तांब्याचे नळ जोडताना वापरलेले सोल्डर. हे सारे वर्षानुवर्षे तिथे बसून होते. साध्या पावसानेही त्यातले थोडेफार झिजले असते. आंबट पाऊस त्यावरून वाहू लागला तसा तो ते चाटूनपुसून टाकीत नेऊ लागला. कल्हई उडालेले पातेले आणि चिंच.

फरक एकच, आणि तो भयंकर आहे. पितळेत कळकलेले सार जिभेला कळते. शिसे कळत नाही. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पेल्यात धरून पाहा, स्फटिकासारखे दिसेल. आणि घरातल्या मोठ्या माणसांपेक्षा ते लहान मुलांच्या अंगात जास्त शोषले जाते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, लक्ष लागत नाही, आणि आईबाप त्याला आळशी म्हणून रागावतात. पोटातल्या बाळालाही आईच्या रक्तातून ते पोचते. शिशाची अमुक एक पातळी मुलांना निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी तिने आणि आपल्या भारतीय मानकानेही लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे. एका लिटरमध्ये मिलिग्रॅमचा शंभरावा भाग!

कोनाच्या लोकांचे काही चुकले होते का? आमच्या मते नाही. ज्याच्या घरी नगरपालिकेचा नळ आहे त्याच्यासाठी कुणीतरी पाणी तपासते, निदान तपासायला हवे असा नियम तरी असतो. ज्याचे छप्पर हेच धरण आणि टाकी हाच जलकुंभ, तो स्वतःच स्वतःचा पाणीपुरवठा विभाग असतो. तिथे साहेबही तोच आणि तक्रार करणाराही तोच. धूर दिसत होता, घशाला खवखव होत होती, दम्याच्या रोग्यांना त्रास होत होता, त्यामुळे हवेची चर्चा झाली. पाणी शांत होते, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिले नाही.

पुढे बेटभर मोठी मोहीम निघाली. शिशाचे पत्रे, खिळे, पट्ट्या, नळ काढून दुसरे बसवण्यात आले. टाकीतल्या पाण्याचा आंबटपणा मोडण्यासाठी तिथे खाण्याचा सोडा टाकण्याचीही पद्धत आहे. तोच सोडा जो आपण भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर घालतो. आम्लाला सोडा मारतो हे सातवी-आठवीतल्या पोराला माहीत असते. पण प्रमाण टाकी पाहून ठरवावे लागते आणि वरचेवर तपासावे लागते. डोंगर थांबला नव्हता, लोकांनी घर बदलले नव्हते; बदलले ते खिळे आणि पट्ट्या. इतक्या मोठ्या ज्वालामुखीपुढे इतका छोटा उपाय चालला.

याच ज्वालामुखीचा आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे. तापलेला लाव्हा समुद्रात पडतो तेव्हा खारे पाणी उकळून पांढऱ्या वाफेचे लोट उठतात. दुरून पाहणाऱ्याला ते सुंदर दिसतात आणि प्रवासी फोटो काढायला जवळ जातात. त्या लोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यातून पडणाऱ्या पावसाचा सामू १.५ ते ३.५ इतका खाली मोजला गेला आहे, म्हणजे बॅटरीतल्या पातळ केलेल्या आम्लासारखा. लिंबाचा रस साधारण २ असतो. अर्थात हा पाऊस किनाऱ्याच्या छोट्या पट्ट्यापुरता. शहरावर तो पडत नाही.

२०१८ मध्ये उन्हाळ्याचे तीन-चार महिने किलाउएया फार खवळला. सातशेच्या वर घरे लाव्हाखाली गेली, वायूंचे प्रमाण पूर्वीच्या कित्येक पट झाले, आणि मग एकदम सारे शांत. कोनावरची धूसर चादर निघून गेली, आभाळ निळे झाले. डिसेंबर २०२० पासून शिखरावर पुन्हा अधूनमधून उद्रेक होत आहेत, आणि टाकीवाल्यांचे लक्ष पुन्हा वाऱ्याकडे लागले आहे.

पण ज्वालामुखीचा पाऊस सगळीकडे छपरातून विष काढूनच त्रास देतो असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला व्हानुआटू नावाचा बेटांचा देश आहे. त्यातल्या अंब्रिम बेटावरच्या ज्वालामुखीत लाव्हाची तळी कितीतरी वर्षे उघडी उकळत होती. तिथले लोक डोंगराच्या अगदी पदराला राहतात आणि पावसाचे पाणी पितात. वर सांगितलेला हिशेब आठवा: जवळ असाल तर फ्लोराइड. अंब्रिमच्या पश्चिम भागात बहुसंख्य मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसले. हा फ्लोरोसिस.

यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या किनवट भागातल्या वाचकांना हे डाग ओळखीचे वाटतील. आपल्याकडे फ्लोराइड खडकातून बोअरवेलच्या पाण्यात येते, आणि डॉक्टर सांगतात, बोअरचे सोडा, पावसाचे पाणी साठवून प्या. अंब्रिमला तेच पावसाचे पाणी आजाराचे कारण. एका गावाचा उतारा दुसऱ्या गावाचा रोग. म्हणून 'पावसाचे पाणी सर्वांत शुद्ध' असे कुणी ठामपणे सांगितले तर आम्ही विचारतो, कुठल्या आभाळातले? डिसेंबर २०१८ च्या उद्रेकात अंब्रिमची ती लाव्हातळी रिकामी झाली आणि वायूंचा लोट ओसरला. दातांवर उमटलेले डाग मात्र जात नाहीत. दात हिरडीत घडत असतानाच ते बसलेले असतात.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या कोमोरोस या मुस्लिम देशाचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. त्याच्या मुख्य बेटावर राजधानी मोरोनी आहे आणि तिच्या डोक्यावर कारथाला हा ज्वालामुखी. हवाईसारखीच सच्छिद्र जमीन, बारमाही नदी एकही नाही, आणि म्हणून घरोघरी पावसाच्या पाण्याचे हौद. २००५ साली, एप्रिलमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये, कारथालाने राख उडवली. ती मोरोनीवर आणि खेड्यांवर पडली, छपरांवर बसली, हौदांत गेली. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती दळलेला खडक असते, आणि वर येताना तिच्या प्रत्येक कणावर त्याच आंबट वायूंचा लेप बसलेला असतो. पाण्यात पडली की तो लेप सुटतो. लाखाहून जास्त लोकांपुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला आणि बाहेरून पाणी आणावे लागले. स्वयंपाक, प्यायचे पाणी, वुजू, मुलांचे कपडे, साऱ्यांना एकच हौद. तो गेला की घराचा दिवसच थांबतो. राख पडण्याआधी पन्हळीचे तोंड हौदापासून बाजूला वळवून ठेवायचे आणि छप्पर झाडून-धुऊन झाल्यावरच परत जोडायचे, हा ज्वालामुखीच्या प्रदेशातला पहिला धडा. पण राख रात्री अचानक पडली तर?

आता कुणी विचारेल, आमच्याकडे कुठला आला ज्वालामुखी? खरे आहे. सह्याद्री लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. भारतात जागा असलेला ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर, आणि तिथे वस्ती नाही. तरी गंधकाचा तोच वायू आपल्याकडे कोळशाच्या वीजकेंद्रांतून भरपूर निघतो. मग आपला पाऊस कोनासारखा का नाही? याचे उत्तर आम्हाला फार गमतीचे वाटते: धुळीमुळे. आपल्या कोरड्या, चुनखडीच्या अंशाने भरलेल्या मातीची धूळ हवेत असते आणि ती आम्लाला मोडते, सोड्यासारखी. म्हणूनच भारतात अनेक ठिकाणी पावसाचा सामू ५.६ च्या वरच भरत आला आहे. ज्या धुळीला आपण उठता-बसता नावे ठेवतो ती इथे उपयोगी पडते. महासागराच्या मध्यावरच्या बेटांना ही धूळ नशिबी नाही. आणि आपल्याकडेही पावसाळा मुरला, हवा धुऊन निघाली की हे संरक्षण कमी होते, हेही खरे.

शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. विहिरीच्या जड पाण्याने नळाच्या आत पांढरा थर बसतो. आपण त्याला वैतागतो, पण तो थर धातू आणि पाणी यांच्यात पडद्याचे काम करतो. पावसाच्या हलक्या पाण्याने तो थर बसत नाही, आणि पाणी थेट धातूला भिडते. त्यामुळे कोकणात, किंवा कुठेही, छपराचे पाणी पिण्यासाठी साठवणाऱ्या घरांना कोनाची गोष्ट अगदीच परकी नाही. पत्र्याला जुना तेलरंग असेल, सांध्यांना शिशाचे काही असेल, तर ते पाणी पोटात घेऊ नये. धुण्याला, झाडांना, संडासला वापरावे. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये, छप्पर नीट धुऊन निघू द्यावे. पितळी नळातही थोडे शिसे असते. रात्रभर नळात थांबलेले पाणी सकाळी आधी वाहू द्यावे, ते बादलीत धरून कुंड्यांना घालावे, आणि बाळाच्या दुधासाठी त्यानंतरचे घ्यावे. पाणी उकळून शिसे जात नाही. उकळण्याने जंतू मरतात. पाणी आटले तर शिसे उलट किंचित दाट होते.

आणि तपासायचेच असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो. फक्त देताना शिशाची तपासणी हवी असे वेगळे सांगावे. नेहमीच्या तपासणीत ती असेलच असे नाही. नमुना सकाळी नळ पहिल्यांदा उघडताना जे पाणी येते त्याचा घ्यावा, कारण रात्रभरात जे काही उतरले असेल ते त्याच पाण्यात असते.